पहिल्या सायकोसिसचा एमआरआय अभ्यास, तोही ग्रामीण विदर्भात : आखणी तपासून द्या

धुऱ्यावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ग्रामीण भागातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार आणि रेडिओलॉजी असे दोन विभाग मिळून एक अभ्यास उभा करायचा आहे. नीतिशास्त्र समितीपुढे जाण्याआधी कच्चा आराखडा इथे टाकतोय. फोडून काढा.

रुग्ण : पहिल्यांदाच सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झालेले ३०, वय १८ ते ४०. तुलनेला निरोगी ३०.
यंत्र : १.५ टेस्ला, १६ चॅनलची हेड कॉइल.
स्कॅन : टी१ (मेंदूच्या रचनेचं चित्र), रेस्टिंग एफएमआरआय (नुसतं पडून असताना मेंदूचं काम), डीटीआय (मेंदूतल्या तंतूंची जोडणी), स्पेक्ट्रोस्कोपी (मेंदूतली रसायनं). एकदा औषध सुरू होण्याआधी, एकदा १२ आठवड्यांनी.
प्रश्न : औषध कोणाला लागू पडेल हे पहिल्या स्कॅनवरून सांगता येईल का?

अडचणी अशा. दिवसा यंत्रावर अपघात, लकवा आणि कंबरदुखीची रांग. संशोधनाला रात्री आठनंतर किंवा रविवारी, माणशी ४५ मिनिटं. रुग्ण धारणीपासून पांढरकवड्यापर्यंत कुठूनही येणार, काही थेट एटापल्लीकडून.

"बंगळूरला निम्हान्सला (मानसोपचार आणि मेंदूविकारांची राष्ट्रीय संस्था) पाठवा" हे उत्तर माहीत आहे. ते सोडून बोला.

पराटी

भाऊ, काहून ३०-३०चा हट्ट? आधी आकडे पाहू, यंत्राचं नंतर.

एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये स्किझोफ्रेनियाचे (सायकोसिसचा दीर्घकाळ चालणारा आजार) २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी लोक यांचे स्कॅन एकत्र करून मेंदूच्या खोल भागांची आकारमानं तपासली. सगळ्यात मोठा फरक हिप्पोकॅम्पसमध्ये निघाला : ०.४६ प्रमाण विचलन (माणसामाणसांत एरवीही असणाऱ्या फरकाचं माप). डिप्रेशनमध्ये याच गटाला हिप्पोकॅम्पसचा फरक मिळाला ०.१४.

आता हिशोब. ५ टक्के पातळी आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली तर ०.४६ चा फरक पकडायला दर गटात ७५ माणसं लागतात. ०.१४ साठी ८००. तुमच्या ३०-३० मध्ये ०.५ पेक्षा लहान फरक निसटण्याचीच शक्यता जास्त. आणि एवढ्याशा नमुन्यात काही "सापडलंच", तर ते खऱ्यापेक्षा फुगलेलं असतं, कारण फुगलेलं तेवढंच उंबरठा ओलांडून दिसतं.

दुसरी गोष्ट. ०.४६ चा फरक म्हणजे रुग्ण आणि निरोगी यांचे आलेख ८२ टक्के एकमेकांवर पडलेले. नुसत्या हिप्पोकॅम्पसवरून कोण रुग्ण हे ओळखायला बसलात तर शंभरात ५९ बरोबर येतील. नाणं उडवून ५० येतात. यावर निदान उभं राहत नाही, औषधाचं भाकीत तर नाहीच.

"पहिल्या स्कॅनवरून सांगता येईल का" या प्रश्नावर ३० रुग्णांत ८५ टक्के अचूकता दाखवणारे पेपर मिळतील. त्यांत एक चूक हमखास शोधायची : हजारो मोजमापांतून "उपयोगी" मोजमापं निवडताना सगळे ३० रुग्ण वापरले आणि मग त्याच ३० वर क्रॉस-व्हॅलिडेशन (दर फेरीला काही रुग्ण बाजूला ठेवून त्यांच्यावर भाकीत तपासणं) केलं. उत्तरपत्रिका आधीच फुटलेली. निवडही प्रत्येक फेरीच्या आतच झाली पाहिजे. २०२२ मध्ये मारेक आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये सुमारे ५०,००० लोकांच्या स्कॅनवरून दाखवलं की मेंदूची मोजमापं आणि वर्तन यांचे असे संबंध भरवशाने पकडायला हजारो माणसं लागतात.

चुंबकसूची

पराटी यांच्याशी सहमत, पण म्हणून स्कॅनच करू नका असं होत नाही. यंत्राकडून काय मिळतं ते पाहू.

स्पेक्ट्रोस्कोपी आजच काढून टाका. गाबा (मेंदूतलं एक संदेशरसायन) मोजायचं तर ३ बाय ३ बाय ३ सेंटिमीटरचा मोठा व्हॉक्सेल (मोजमापाचा ठोकळा), दहाएक मिनिटं आणि शक्यतो ३ टेस्ला लागतं. १.५ वर ग्लुटामेट आणि ग्लुटामिनची शिखरं एकमेकांत मिसळतात, आणि सायकोसिसमध्ये नेमका त्यांच्याबद्दलच प्रश्न असतो. डोपामीन कोणत्याही एमआरआयवर थेट मोजता येत नाही, त्याला पेट स्कॅन. न्यूरोमेलॅनिनचा सिक्वेन्स हा त्याचा आडवळणाचा मार्ग आहे, तोही ३ टेस्लावर.

एफएमआरआय म्हणजे बोल्ड संकेत. सेजी ओगावांनी १९९० मध्ये दाखवलेला हा परिणाम रक्तातल्या डीऑक्सिहिमोग्लोबिनवर उभा आहे. मेंदूच्या पेशींचं काम थेट मोजलं जात नाही, त्यामागून पाच-सहा सेकंदांनी येणारा रक्तपुरवठ्याचा फुगवटा मोजला जातो. १.५ टेस्लावर हा कॉन्ट्रास्ट ३ टेस्लाच्या साधारण निम्मा. करायचंच असेल तर टीई (संकेत टिपण्याआधी थांबायचा वेळ) ३० मिलिसेकंद ठेवू नका, तो ३ टेस्लाचा आकडा आहे; १.५ वर ४५-५० च्या आसपास. टीआर (दोन चित्रांमधलं अंतर) २ सेकंद, ३०० व्हॉल्यूम (पूर्ण मेंदूची चित्रं), म्हणजे १० मिनिटं.

४५ मिनिटांचा स्लॉट म्हणजे यंत्रात ३० मिनिटं धरा, बाकी वेळ आत नेण्यात आणि बाहेर काढण्यात जातो. क्रम असा :

लोकलायझर, अर्धा मिनिट. लगेच त्रिमितीय टी१, १ मिमी घन व्हॉक्सेल, ५ ते ६ मिनिटं. रुग्णाचा धीर पहिल्या दहा मिनिटांतच असतो, म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी. टी१ संपताच कन्सोलवर झूम करून पाहा : कवटीच्या कडेने लाटा उमटल्या असतील तर तिथेच परत घ्या. त्यानंतर फ्लेअर (मेंदूतले डाग दिसतात) ५ मिनिटं, डिफ्युजन (ताजा लकवा दिसतो) दीड मिनिट, एसडब्ल्यूआय (रक्तस्राव आणि चुना दिसतो) ४ मिनिटं. उरला वेळ तर डीटीआय, बी-मूल्य १०००, निदान ३० दिशा. आणि उलट फेज-एन्कोडिंगचे एक-दोन व्हॉल्यूम घ्यायला विसरू नका. पंधरा सेकंदांचं काम, पण त्याशिवाय कपाळामागचा ताणलेला भाग नंतर सरळ करता येत नाही.

वैनगंगा

टेक्निशियनच्या बाजूचं लिहितो जी. पेपरांत "सहभागींची तयारी केली" या तीन शब्दांत जे गुंडाळतात ते.

धातू. फॉर्मवर "अंगावर धातू आहे का" विचारलं तर उत्तर नाहीच येतं. एकेक नाव घेऊन विचारा : करदोडा (त्यात चावी किंवा चांदीचा तुकडा), दंडातला ताईत, साडीच्या निऱ्यांची सेफ्टी पिन, केसांचे आकडे, जोडवी, नाकातली चमकी, खिशातली खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) पुडी आणि सोबतची चुन्याची डबी. वेल्डिंग किंवा ग्राइंडरचं काम करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण राहिलेला असू शकतो. होकार आला तर आधी डोळ्यांचा एक्स-रे. तांबी बसवलेली असेल तर १.५ आणि ३ दोन्हीवर चालतं, पण फॉर्मवर नोंद हवी.

मंगळसूत्राचं ऐनवेळी सांगू नका. दारात उभं राहून "काढा" म्हटलं की बाई परत फिरते. घरी फोन करतानाच सांगायचं, आणि सोबत हळकुंड बांधलेला दोरा आणायला सांगायचा. स्कॅनपुरता तो गळ्यात चालतो. जोडवी निघतच नसतील तर चांदीला चुंबक ओढत नाही, पण पाय एकमेकांना चिकटू न देता मध्ये कापडाची घडी ठेवा. कातडी कातडीला लागून वेटोळं तयार झालं की तिथे भाजू शकतं. मांडीवर हात जोडून झोपवू नका, कारण तेच.

हालचाल. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम ठासा, मग कपाळावरून कॉइलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कागदी चिकटपट्टी हलकेच लावा. बांधायला नव्हे. डोकं हललं की कातडी ओढली जाते आणि माणसाला स्वतःलाच कळतं. याचा फायदा फोमपेक्षा जास्त दिसतो.

सराव. प्लायवूडचा ६० सेंटिमीटर व्यासाचा बोगदा सुतार करून देतो. त्यात झोपवून मोबाइलवर यंत्राचा रेकॉर्ड केलेला आवाज दहा मिनिटं ऐकवा. ईपीआयचा (एफएमआरआय-डीटीआयमधलं जलद चित्रण) आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे आणि वर हेडफोन, दोन्ही. भ्रम-भास असलेल्या माणसाला आवाजाची आगाऊ कल्पना न देता आत सरकवणं म्हणजे स्कॅन वाया, आणि पुढच्या वेळी तो येतही नाही.

धुऱ्यावरचा

मौल्यवान माहिती, धन्यवाद. खर्र्याचं काय करायचं? आमच्या रुग्णांत आणि नातेवाइकांतही न खाणारा शोधावा लागेल. बंद करायला सांगायचं की खाऊ द्यायचं?

डॉ. सातपुडा

दोन वेगळे प्रश्न आहेत.

सुरक्षेचा प्रश्न सोपा आहे. तोंडात सुपारीचा तुकडा ठेवून उताणं झोपवायचं नाही, घशात जातो. टॉर्च मारून गाल तपासा आणि चूळ भरायला लावा.

अभ्यासाचा प्रश्न अवघड. निकोटिनने मेंदूचा रक्तपुरवठा बदलतो, चहातल्या कॅफिनने तो कमी होतो. रात्रभर बंद करायला लावलं तर निकोटिनची तलफ हाच नवा घटक घुसतो, आणि तलफ लागलेला माणूस हलतो. म्हणून बंदी नको. नेहमीप्रमाणे खाऊ द्या, स्कॅनच्या एक तास आधी शेवटचा, आणि वेळ लिहून ठेवा. दिवसाला किती पुड्या तेही. मुख्य म्हणजे तुलनेच्या गटातही तितकेच खर्रा खाणारे हवेत. कंट्रोल म्हणून हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर आणि क्लार्क घेतले तर शिक्षण, आहार, खर्रा, मोहाची दारू, सगळंच वेगळं, आणि तो फरक तुम्ही सायकोसिसच्या नावावर जमा कराल. त्याच गावातला, त्याच वयाचा, तितकाच शिकलेला शेजारी हा सगळ्यात चांगला कंट्रोल. सख्खा भाऊ नको, त्याच्यात निम्मी जनुकं तीच.

आता जे विदर्भात विसरून चालत नाही ते.

हिमोग्लोबिन. वर चुंबकसूचींनी सांगितलंच की बोल्ड संकेत हिमोग्लोबिनवर चालतो. महिनोन्महिने नीट न जेवलेला सायकोसिसचा रुग्ण आणि धडधाकट शेजारी यांच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन-तीन ग्रॅमचा फरक असला तर एफएमआरआयमध्ये "फरक" दिसणारच, आणि त्याचा मनाच्या आजाराशी संबंध नसेल. एएसएलने (रक्तालाच चुंबकी खूण करणारं तंत्र) रक्तपुरवठा मोजत असाल तर रक्ताचा टी१ (इथे चित्र नव्हे, संकेत पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) ठरावीक धरला जातो (३ टेस्लाला १६५० मिलिसेकंद). पंडुरोगात खरा टी१ यापेक्षा लांब असतो, त्यामुळे रक्तपुरवठा फुगवून दिसतो. स्कॅनच्या दिवशीच रक्त तपासा आणि आकडा विश्लेषणात घाला.

सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूरच्या पट्ट्यात याशिवाय मेंदूचा अभ्यास करू नये. एसएस (सिकलचं जनुक दोन्ही पालकांकडून आलेलं) असलेल्यांत लक्षणं न देता झालेले बारीक इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेले भाग) फ्लेअरवर पांढरे ठिपके म्हणून दिसतात; अशा मुलांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुलांत चौदाव्या वर्षापर्यंत ते आलेले असतात. ते "सायकोसिसमधले पांढरे डाग" म्हणून छापले जाऊ नयेत. सोल्युबिलिटी चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आल्यास खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस, दोन्ही गटांत.

पाणी. माणूस बराच काळ पाण्याविना राहिला तर मेंदूचं आकारमान साधारण अर्ध्या टक्क्याने कमी मोजलं जातं. मे महिन्यात रात्रभर एसटीत बसून आलेला रुग्ण आणि चालत आलेला स्थानिक कंट्रोल यांच्यात हा फरक सहज पडतो. मग हाही फरक सायकोसिसच्या नावावर जमा होतो. आल्यावर पाणी, जेवण, दोन तास आराम, मग स्कॅन. दोन्ही गटांची वेळ एकच, सकाळी एक गट आणि रात्री दुसरा असं नको.

औषध. हॅलोपेरिडॉलनंतरची अकॅथिसिया असेल तर माणूस पाय स्थिर ठेवूच शकत नाही. आधी ती आटोक्यात आणा.

पराटी

हालचालीचं सांख्यिकी अंग जोडतो. हललेल्या टी१ मध्ये सॉफ्टवेअरला कॉर्टेक्स खऱ्यापेक्षा पातळ दिसतं. रुग्ण कंट्रोलपेक्षा जास्त हलतात. म्हणजे काहीही आजार नसता तरी "रुग्णांचं कॉर्टेक्स पातळ" असा निकाल आला असता. रेस्टिंगमध्ये दर फ्रेमचं विस्थापन मोजतात; पॉवर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आणला तेव्हा ०.५ मिमीचा उंबरठा होता, कडक लावायचं तर ०.२. कडक लावला की तुमचे निम्मे रुग्ण गळतील, आणि गळणारे सगळ्यात आजारी असतील. मग राहिलेल्यांवरून काय सिद्ध होणार?

रेस्टिंगमध्ये आणखी एक : डोळे मिटून पडलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक तीन मिनिटांत पेंगतात. रात्री आठनंतर, प्रवास करून आलेला माणूस? डोळे उघडे ठेवून फुलीकडे बघायला लावा आणि कॅमेरा नसेल तर मधूनमधून बोलून खात्री करा.

संत्रानगरी

मी डॉक्टर नाही, आरोग्यावर लिहितो. गावातली कुटुंबं विचारतात : पोराला वेड लागलंय, मेंदूचा स्कॅन करून घ्यावा का? काही जण शेतीचं कर्ज काढून एमआरआय करतात. वरच्या चर्चेवरून करू नये असा अर्थ घ्यायचा का?

डॉ. सातपुडा

नाही. "स्किझोफ्रेनिया आहे का हे पाहायला" स्कॅन करू नये, एवढाच अर्थ घ्या. ते निदान लक्षणांवरून, किती काळ आहेत यावरून, घरच्यांशी बोलून होतं. "दुसरं काही तर नाही ना" हे पाहायला स्कॅनला जागा आहे.

पहिल्या सायकोसिसच्या १,६१३ रुग्णांचे एमआरआय एकत्र पाहणारं विश्लेषण २०२३ मध्ये जामा सायकियाट्रीत आलं. २६.४ टक्क्यांत काहीतरी वेगळं दिसलं, पण उपचार बदलावा लागेल असं ५.९ टक्क्यांत. म्हणजे साधारण १७-१८ स्कॅनमागे एक.

घाई करावी अशी लक्षणं : दोन-चार दिवसांत एकदम सुरू झालेलं, ताप, फिट, उलट्यांसह डोकेदुखी, दिवस-वार-जागेचं भान हरपणं, एका बाजूचा अशक्तपणा, आवाजांऐवजी मुख्यतः दृश्यं दिसणं, ताठरून गप्प होणं, डोक्याला मार, एचआयव्ही, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदा. यांतलं काही असेल तर स्कॅन लवकर, आणि फक्त स्कॅनवर थांबू नये. एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसमध्ये (शरीराच्याच अँटिबॉडींमुळे होणारा मेंदूदाह, दालमाऊ यांनी २००७ मध्ये वर्णन केलेला) निम्म्याहून अधिक रुग्णांचा एमआरआय नॉर्मल येतो. निदान पाठीच्या पाण्यातल्या अँटिबॉडीवर होतं. तरुण मुलगी, आठ दिवसांत सुरू झालेला वेडेपणा, तोंडाच्या विचित्र हालचाली, फिट : अशा वेळी "स्कॅन नॉर्मल आहे, मांत्रिकाकडे न्या" हे सगळ्यात महाग पडतं.

यांतलं काहीच नसेल आणि कर्ज काढूनच स्कॅन होणार असेल, तर ते पैसे सहा महिन्यांच्या गोळ्या आणि ये-जा यांवर घाला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीत औषध मिळतं.

संत्रानगरी

आणि डिप्रेशनला ते टीएमएस (डोक्यावर कॉइल धरून चुंबकी ठोके देण्याचा उपचार)? एफएमआरआय करून नेमकी जागा शोधून देतात म्हणे. हल्ली जाहिराती बऱ्याच.

चुंबकसूची

टीएमएसला अमेरिकेच्या एफडीएची परवानगी २००८ ची. कपाळाच्या डाव्या बाजूला, १० हर्ट्झ, मोटर थ्रेशोल्डच्या (हाताचं बोट हलायला लागणारी किमान ताकद) १२० टक्के, ३,००० पल्स. नंतर तीन मिनिटांचा थीटा-बर्स्ट (ठोक्यांचे झटपट गुच्छ) आला, ६०० पल्सचा. २०१८ च्या लॅन्सेटमधल्या चाचणीत तो जुन्या पद्धतीपेक्षा कमी ठरला नाही. स्टॅनफोर्डची पद्धत २०२२ मध्ये मंजूर झाली : दिवसाला १० सत्रं, पाच दिवस, दर सत्रात १,८०० पल्स, आणि जागा एफएमआरआयवरून.

तर्क असा की डाव्या कपाळामागचा जो बिंदू सबजेन्युअल सिंग्युलेटच्या (मेंदूच्या पुढच्या खोल भागातली, भावनांशी निगडित जागा) उलट चालतो तिथे मारावं. हेलन मेबर्ग यांनी २००५ मध्ये याच सबजेन्युअल भागात इलेक्ट्रोड घालून उपचार केले होते, त्यामुळे जागा महत्त्वाची यात वाद नाही. गंमत अशी की हा भाग नाकामागच्या हवेच्या पोकळीलगत आहे, आणि हवेलगतच ईपीआयचा संकेत गळतो. एका माणसाच्या दहा मिनिटांच्या १.५ टेस्ला स्कॅनवरून तिथला बिंदू काढून "वैयक्तिक टार्गेट" म्हणणं म्हणजे गोंगाटाला पत्ता देणं.

ब्रिटनमधली ब्राइटमाइंड ही चाचणी २०२४ च्या नेचर मेडिसिनमध्ये आली. २५५ रुग्ण, एका गटाला एफएमआरआय कनेक्टिव्हिटीवरून जागा, दुसऱ्याला साध्या टी१ वरून. २६ आठवड्यांत दोघांत लक्षणीय फरक नाही.

एमआरआय नसेल तरी बीम-एफ३ पद्धत आहे. टेपने तीन मापं : नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून, आणि डोक्याचा घेर. ती मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकली की बिंदू मिळतो. "मोटर बिंदूपासून पाच सेंटिमीटर पुढे" ही जुनी पद्धत मोठ्या डोक्याला मागे पडते. आणि अंबाडा सोडायला सांगा, त्याने डोकं टेकत नाही, कॉइल कातडीपासून वर उचलली जाते आणि ताकद झपाट्याने उतरते.

झाडीपट्टी

संमतीबद्दल कोणी बोललंच नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम ९९. रुग्ण स्वतः समजून संमती देऊ शकत नसेल तर बापाच्या अंगठ्यावर भागत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीची संमतीही अटींवरच चालते. सोपं म्हणजे संमती देण्याइतपत जे सावरलेले आहेत तेच घ्या. मग "औषध सुरू होण्याआधी" ही अट बऱ्याच जणांबाबत मोडेल, हे आताच मान्य करा. स्कॅनचा स्लॉट रविवारी आहे म्हणून बुधवारी आलेल्या भडकलेल्या रुग्णाची गोळी चार दिवस थांबवणं कोणत्याच समितीला चालणार नाही. पहिल्या डोसपासून किती दिवस, किती मिलिग्रॅम हे लिहा आणि पुढे चला.

निरक्षर असेल तर अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदार. साक्षीदार म्हणून वॉर्डबॉय नको; आशाताई चालतील, पण त्या अभ्यासाच्या पगारी नकोत. माहितीपत्रक गोंडी, माडिया, कोरकूत तोंडी रेकॉर्ड करून ऐकवा.

गावात एमआरआयबद्दल पहिला समज "करंट देतात" असा असतो, कारण शॉक उपचार ऐकलेले असतात. तेव्हा "विजेचा झटका नाही, सुई नाही, फक्त आवाज" हे तीन मुद्दे पहिल्या वाक्यात. शॉकबद्दल विचारलं तर त्यालाही वाईट ठरवू नका, तो काही जणांना लागणार आहे.

आणि अनपेक्षित काही दिसलं तर? निरोगी लोकांतही साधारण २.७ टक्क्यांत काहीतरी निघतं. कंट्रोल म्हणून आलेल्या शेजाऱ्याच्या मेंदूत गाठ दिसली तर कोण सांगणार, कुठे पाठवणार, गाडीभाडं कोण देणार हे अर्जातच लिहा.

चुंबकसूची

यंत्र-संगणकाचं थोडक्यात.

अभ्यास सुरू असताना यंत्राचं सॉफ्टवेअर अपग्रेड किंवा कॉइल बदलली तर आधीचा आणि नंतरचा डेटा सरळ जोडता येत नाही. कंपनीच्या इंजिनिअरला आधीच सांगून ठेवा. दर आठवड्याला तोच फॅन्टम (यंत्र तपासण्याचा नमुना), त्याच जागी. दोन केंद्रं घेतलीत तर कॉम्बॅट या सांख्यिकी पद्धतीने यंत्रायंत्रांतला फरक सावरतो, पण एका केंद्रात सगळे रुग्ण आणि दुसऱ्यात सगळे कंट्रोल असं झालं तर ते कशानेही सावरत नाही.

फ्रीसर्फरला (टी१ वरून मेंदूची मापं काढणारं सॉफ्टवेअर) एका माणसाला ६ ते १० तास. १६ जीबी रॅमवर दोन-तीन एकाच वेळी. वीज गेली आणि काम अर्धवट राहिलं, तर स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये "इजरनिंग" नावाने सुरू होणारी फाईल उरते. ती काढल्याशिवाय परत चालू होत नाही. मेंदू साच्यावर बसवताना पाश्चात्त्य साचाच असतो. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीयांवरून साचा केला आहे, तोही लावून पाहा. डेटा बाहेर देण्याआधी चेहरा पुसा, १ मिमीच्या टी१ वरून माणूस ओळखता येतो.

धुऱ्यावरचा

ठीक. आराखडा बदलतो. एफएमआरआय, स्पेक्ट्रोस्कोपी आणि १२ आठवड्यांचा दुसरा स्कॅन रद्द. भाकिताचा प्रश्न रद्द. नवा प्रश्न : आपल्या भागातल्या पहिल्या सायकोसिसमध्ये उपचार बदलायला लावणारं काही किती जणांत दिसतं, आणि त्याआधी कोणती लक्षणं होती? टी१, फ्लेअर, डिफ्युजन, एसडब्ल्यूआय, यंत्रात २० मिनिटं. हिमोग्लोबिन, सिकलसेल, बी१२ सगळ्यांचं. १ मिमीचा टी१ जपून ठेवायचा, म्हणजे पुढे मोठ्या गटात मिसळता येईल. तीन वर्षांत १५० रुग्ण. पुरतील?

पराटी

खरं प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास असेल तर १५० मध्ये चूक साधारण ३.८ टक्के अंकांची, म्हणजे २ ते १० असं रुंद उत्तर. ३०० मध्ये २.७. पण या प्रश्नाला कंट्रोल लागत नाहीत, त्यामुळे कंट्रोलचे सगळे स्लॉट रुग्णांना देता येतील. दोन रेडिओलॉजिस्टांनी स्वतंत्र वाचावं, एकाला लक्षणं माहीत नसावीत.

धुऱ्यावरचा

हे जमेल. शेवटचं एक : न्यूरोसिस्टिसर्कोसिसचा (फीतकृमीच्या अळीचा मेंदूतला संसर्ग) चुना झालेला ठिपका आणि जुना रक्तस्राव एसडब्ल्यूआयवर दोन्ही काळेच. सीटी न करता वेगळे करता येतात का?

चुंबकसूची

फेज इमेज पाहा. कॅल्शियम डायामॅग्नेटिक, रक्तातलं लोह पॅरामॅग्नेटिक, त्यामुळे फेजमध्ये एक काळं तर दुसरं पांढरं येतं. पण कोणतं काळं हे कंपनीगणिक उलट असतं. म्हणून त्याच रुग्णाच्या शिरा पाहा : त्यांतलं रक्त पॅरामॅग्नेटिक, तेव्हा ठिपका शिरांसारखा दिसला तर रक्त, उलटा दिसला तर चुना. पिनिअलमध्ये चुना असेल तर त्याच्याशीही ताडून घ्या. ठिपका मोठा असेल तर फेज गुंडाळली जाते आणि आत काळं-पांढरं दोन्ही मिसळतं. तिथे डोकं खाजवत बसू नका, त्या एकाच ठिकाणापुरता सीटी करा. कन्सोलवर फेज इमेज आपोआप साठत नाही, सिक्वेन्समध्ये "मॅग्निट्यूड आणि फेज" दोन्ही निवडून प्रोटोकॉल पहिल्या रुग्णाआधीच सेव्ह करा.